नाथसागराची ओहोटी आणि पक्ष्यांचे पंचांग

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही वर्षातून एकदा येणारी भरती आणि सात-आठ महिने रेंगाळणारी ओहोटी हा जिल्हा गेली जवळजवळ पन्नास वर्षे पाहत आला आहे. पैठणजवळ गोदावरी अडवून निर्माण झालेल्या नाथसागराचा फुगवटा शेवगाव आणि नेवासे या दोन तालुक्यांच्या काठाने पसरतो, प्रवरासंगमाच्या दिशेने वर सरकतो, चांगला पाऊस झाला तर सप्टेंबरअखेर काठोकाठ चढतो आणि मग कालव्यांची आवर्तने, शहरांचे नळ, उपशाचे पंप व उन्हाची तलखी या चार वाटांनी उतरू लागतो. उतरत्या पाण्यामागे जो चिखल उघडा पडतो त्याच्या आधाराने दूरदेशीहून आलेले हजारो पक्षी हिवाळा काढतात. या पाहुण्यांच्या रंगांचे आणि त्यांनी तोडलेल्या अंतराचे कौतुक दरवर्षी होते. ते ज्या चिखलावर जगतात त्याची चौकशी क्वचितच होते. वस्तुत: त्यांचे भवितव्य अवलंबून आहे ते हा चिखल किती आणि कोणत्या महिन्यात उघडा पडतो यावर. आणि ही गोष्ट निसर्गापेक्षा सरकारी कचेरीत अधिक ठरते.

जायकवाडी धरण पक्ष्यांसाठी बांधले गेले नाही, हे सांगावयास नकोच. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणामागे पूर्ण भरल्यावर १०२ अब्ज घनफूट पाणी साठते. त्यांपैकी २६ अब्ज घनफूट मृत साठा आहे. मराठवाड्याच्या अवर्षणग्रस्त भूमीला पाणी देणे हा त्याचा हेतू, आणि तो योग्यच होता. त्यासाठी गोदाकाठची शंभरावर गावे उठली, काळ्या कसदार जमिनी पाण्याखाली गेल्या. सपाट प्रदेशात धरण झाल्यामुळे जलाशय पसरट आणि उथळ झाला. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष होता, कारण पसरट पाण्याचे बाष्पीभवन अधिक होते. पक्ष्यांना मात्र नेमका हाच गुण मानवला. पाणी हातभर उतरले तरी दूरवर चिखल उघडा पडतो, अशी जागा दख्खनच्या कोरड्या पठारावर त्यांना पूर्वी कोठे होती? १९८६ मध्ये शासनाने सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केला. सुमारे २०० जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत आणि त्यांतील ७० च्या आसपास जाती स्थलांतर करणाऱ्या आहेत.

या जलाशयाचे मर्म समजण्यासाठी खाडीकडे पाहिले पाहिजे. ठाण्याच्या खाडीत चोवीस तास पन्नास मिनिटांच्या अवधीत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. पाणी मागे हटले की चिखलातील कृमी, शिंपले, शैवाल यांचे ताट उघडते आणि पक्षी त्यावर तुटून पडतात. पाणी चढले की ते उंच जागी जाऊन वाट पाहतात. ज्याची चोच जितकी लांब तितका तो चिखलात खोल शिरतो, ज्याचे पाय जितके उंच तितका तो पाण्यात पुढे जातो, आणि अशी वाटणी झाल्याने एकाच किनाऱ्यावर अनेक जातींचे पोट भरते. नाथसागरावरही वाटणी हीच आहे. काठाच्या ओल्या मातीवर चिखल्या आणि टिलवे धावतात, घोटाभर पाण्यात तुतवार, त्याहून खोल पाण्यात तांबड्या काटकुळ्या पायांचे शेकाटे, त्यापुढे चमचे, चित्रबलाक आणि रोहित, आणि उघड्या पाण्यावर बदके. फरक एवढाच, की खाडीतील पाण्याचे वेळापत्रक चंद्राच्या हाती आहे आणि ते कोणत्याही मंत्र्याला बदलता येत नाही. नाथसागराचे वेळापत्रक जलसंपदा खात्याच्या हाती आहे आणि ते दरवर्षी बदलते.

पक्ष्यांचे पंचांग मात्र सहसा बदलत नाही. पावसाळ्यात जलाशयावर वस्ती असते ती मुख्यत: इथल्याच पाखरांची. हळदी-कुंकू बदके, पाणकोंबड्या, पाणकावळे आणि बगळे गवतात किंवा काठच्या झाडांवर आपला संसार मांडतात. ऑगस्टच्या अखेरीपासून लहान चणीच्या तुतवारांचे पहिले थवे उतरतात. ऑक्टोबरात भुवई बदके, तलवार बदके, थापटे आणि चक्रांग येऊ लागतात. कपाळावर पांढरा टिळा असलेली, काळ्या अंगाची बदकासारखी पाखरे गर्दीने येतात. त्यांना मराठीने ‘वारकरी’ असे नाव दिले आहे, आणि एकनाथांच्या पैठणाजवळ ते शोभूनही दिसते. थंडी वाढली की चक्रवाक येतात. संस्कृत कवींनी ज्यांच्या रात्रीच्या विरहाचे इतके वर्णन केले, त्यांचे खरे माहेर लडाख-तिबेटातील सरोवरांकाठी आहे. त्याच सुमारास पट्टकदंब हंस येतात. हिमालय ओलांडताना सात हजार मीटरहून अधिक उंचीवर ते उडाल्याची नोंद झाली आहे. करकोच्यांचे थवे काठच्या हरभऱ्यात उतरतात. पाणी पुरेसे उथळ झाले की रोहित दिसू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये पाहुणे परतीच्या वाटेला लागतात. त्यापूर्वीच्या काही आठवड्यांत त्यांना अंगावर भरपूर चरबी साठवावी लागते, कारण हजारो किलोमीटरच्या प्रवासाचे तेच इंधन असते. पाहुणे गेले की उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय, टिटव्या आणि शेकाटे अंडी घालतात आणि पुन्हा मृगाची वाट पाहणे सुरू होते.

या पंचांगातील दोन काळ विशेष नाजूक आहेत. एक ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, जेव्हा थकून आलेल्या पक्ष्याला लगेच अन्न हवे असते. दुसरा फेब्रुवारी-मार्चचा, जेव्हा त्याला परतीची शिदोरी बांधावयाची असते. योगायोग असा, की याच सुमारास माणसांचेही पाण्याचे हिशेब होतात. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला आणि त्याच्या आधारे प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिलेल्या आदेशाने १५ ऑक्टोबर हा दिवस महत्त्वाचा ठरविला. त्या दिवशी जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर नगर व नाशिक जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे त्यात ठरले. २०२३ मध्ये याच तत्त्वानुसार ८.६ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा झालेली आंदोलने वाचकांच्या स्मरणात असतील. या टक्क्यांचा फेरविचार करण्याची चर्चाही पुढे झाली. नगरचा ऊस, नाशिकची द्राक्षे, मराठवाड्याचा कापूस आणि शहरांचे पिण्याचे पाणी यांची बाजू मांडणारे पुढारी, वकील आणि मोर्चे आहेत. त्याच आठवड्यांत त्याच पाण्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांची बाजू मांडणारा पक्षकार या वादात नसतो. पाण्याच्या वाटणीत माणसाचा हक्क आधी आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच, की जे अभयारण्य शासनाने स्वत: जाहीर केले त्याचे नावही पाण्याच्या ताळेबंदात येऊ नये, हा विसर शासनाला शोभणारा नाही.

या विसराचा परिणाम पक्ष्यांच्या गणतीवरही होतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे, आणि त्यात भाग घेणाऱ्या पक्षीमित्रांचे श्रम मोलाचे आहेत. परंतु नाथसागरासारख्या जलाशयावर एका महिन्याची गणती एकटी फारसे सांगत नाही. धरण तुडुंब भरलेल्या वर्षी जानेवारीतही पाणी काठाला भिडलेले असते. चिखल उघडा नसल्याने पक्षी थोडे दिसतात, आणि पक्षी घटले अशी ओरड होते. टंचाईच्या वर्षी पाणी लवकर आटते. उरलेल्या डबक्याभोवती पक्षी दाटीने गोळा होतात, आणि यंदा पक्षी वाढले असा आनंद व्यक्त होतो. दोन्ही निष्कर्ष फसवे असू शकतात. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात साठा मृत पातळीच्या खाली गेला होता. असा दुष्काळ लवकर आला तर आधी भरपूर चिखल मिळतो आणि मग तो वाळून भेगाळतो. चिखलातील अळ्या मरतात आणि नेमकी परतीची शिदोरी बांधण्याच्या वेळी कोठार रिकामे होते. म्हणून सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत दरमहा, त्या दिवशीच्या पाणीपातळीसह गणती झाली पाहिजे. धरणाची पातळी रोज नोंदली जाते. तिच्या शेजारच्या रकान्यात पक्ष्यांचा आकडा आला, की दहा वर्षांत या जलाशयाचे खरे पंचांग हाती येईल. त्याला परदेशी तज्ज्ञ नकोत. शेवगाव-नेवाशातील महाविद्यालयांचे विद्यार्थी, वनरक्षक आणि मच्छीमार एवढ्यांवर ते होऊ शकते.

आता प्रश्न येतो तो उघड्या पडणाऱ्या जमिनीचा. पक्ष्याला जो चिखल, तीच शेतकऱ्याला गाळपेर. पाणी हटले की या सुपीक गाळावर हरभरा, गहू वा भाजीपाला फारशा पाण्याशिवाय तरारून येतो. या जमिनी भाडेपट्ट्याने देताना धरणग्रस्तांना अग्रक्रम देण्याचे धोरण आहे आणि त्यामागील न्याय उघड आहे. ज्याच्या वाडवडिलांची जमीन याच पाण्याखाली गेली, त्याने ती वर्षातून चार महिने उघडी पडल्यावर कसली तर त्याला अतिक्रमक म्हणणे हा दुहेरी अन्याय होईल. शिवाय हंस आणि करकोचे रात्री किंवा पहाटे याच्याच हरभऱ्यात उतरतात आणि कोवळे पीक फस्त करतात. शहरातून दुर्बिणी घेऊन येणाऱ्यांना थव्याचे सौंदर्य दिसते, त्याला नुकसान दिसते. दोघांपैकी कोणाचेही डोळे खोटे नाहीत.

तथापि गाळपेरीचे रूप पहिल्यासारखे राहिलेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. पूर्वी ओल असेल तेवढ्यावर बैलाने नांगरून पेरणी होत असे. आता ट्रॅक्टर थेट पाण्याच्या रेषेपर्यंत जातो, पंप बसतात, रासायनिक खते आणि कीटकनाशके त्याच गाळात पडतात. पुढच्या पावसाळ्यात हा गाळ पुन्हा पाण्याखाली जातो, आणि ते पाणी छत्रपती संभाजीनगर व जालना या शहरांच्या नळांना जाते. म्हणजे काठावरचे विष हा केवळ पक्ष्यांचा प्रश्न नाही. उतरत्या पाण्यालगतचा काही अंतराचा पट्टा न नांगरता सोडावा आणि त्यावरच्या गाळपेरीत विषारी औषधे वापरू नयेत, हा नियम पक्ष्यांच्या दयेपोटी मान्य होत नसेल तर माणसाच्या आरोग्यापोटी मान्य व्हावा. मात्र त्याची किंमत एकट्या धरणग्रस्ताने का मोजावी? पट्ट्यापोटी जे उत्पन्न बुडेल ते शासनाने रोख भरून द्यावे, आणि पक्ष्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाईही हंगाम संपण्यापूर्वी हाती पडावी. भरपाईसाठी हेलपाटे घालावे लागले की शेतकऱ्याच्या मनात पक्ष्याविषयी वैर निर्माण होते, आणि त्या वैरापुढे अभयारण्याचा फलक कुचकामी ठरतो.

येथेच अभयारण्याच्या कल्पनेतील उणीव ध्यानात येते. अरण्याला सीमा आखता येते, कारण झाड जागचे हलत नाही. नाथसागरावर जपावयाची वस्तू म्हणजे पाणी आणि माती यांची सरकती सीमारेषा. ती ऑक्टोबरात एका जागी असते आणि मार्चमध्ये तेथून कित्येक किलोमीटर दूर. नकाशावर ३४१ चौरस किलोमीटर रंगवून ती जपली जात नाही. पाणी जलसंपदा खात्याचे, पक्षी वन खात्याचे, मासे आणखी एका खात्याचे आणि गाळ महसुलाच्या दप्तरात, अशी वाटणी असता त्या रेषेवर प्रत्यक्ष जबाबदारी कोणाचीच उरत नाही. २०१७ मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रही अधिसूचित झाले. कागदाची आणखी एक रेषा वाढली. जलाशयावर तरंगते सौर पटल बसविण्याच्या निविदेला मच्छीमार समाजाच्या एका संघटनेने आव्हान दिले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ते फेटाळले आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२५ च्या मे महिन्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. सूर्यापासून वीज हवी, यात शंका नाही. परंतु पटल बारमाही खोल पाण्यावरच राहतील आणि पाणी उतरल्यावर ते उथळ काठावर येणार नाहीत, ही खात्री आधी झाली पाहिजे. अन्यथा विजेचे केंद्र आणि पक्ष्यांचे ताट एकाच जागी मांडले जाईल.

‘येथे जमले नाही तर पक्षी दुसरीकडे जातील’ हा युक्तिवाद अशा वेळी हमखास ऐकू येतो. दक्षिण कोरियाने सेमानगुम येथील दोन नद्यांच्या मुखावर तेहतीस किलोमीटरहून लांब समुद्रभिंत बांधून २००६ मध्ये ते मुख बंद केले, तेव्हा तेथेही हेच म्हटले गेले होते. भरती-ओहोटीचा चिखल नाहीसा झाला आणि तुतवारांच्या कुळातील ग्रेट नॉट या पक्ष्यांची तेथील संख्या कोसळली. शेजारच्या किनाऱ्यांवर ते त्या प्रमाणात वाढलेले आढळले नाहीत, आणि वर्षाचा मोठा काळ ते जेथे घालवितात त्या ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरही त्यांची गणती उतरली. याचा अर्थ ते दुसरीकडे गेले नव्हते. ते मेले होते. नाथसागराच्या बाबतीत गोदावरीवरच वर असलेल्या नांदूरमधमेश्वरचे नाव घेतले जाईल. त्या जलाशयाला २०२० मध्ये रामसर स्थळांच्या यादीत स्थान मिळाले, महाराष्ट्रातील तो पहिलाच मान. पण दोन्ही जलाशय एकाच नदीवर आहेत. दुष्काळ एकाला येतो तेव्हा दुसऱ्यालाही येतो. एका नदीच्या दोन घड्यांपैकी एक फुटला तर दुसऱ्यात पाणी वाढत नाही.

सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. याच जिल्ह्याच्या दक्षिणेला भीमेवरील उजनीचा फुगवटा कर्जत तालुक्याच्या काठाला लागतो, आणि पलीकडच्या काठावर पुणे जिल्ह्यातील भिगवण आहे. तेथे अभयारण्याचा फलक नाही. पण हिवाळ्यात रोहित पाहण्यासाठी येणाऱ्या प्रवाशांना स्थानिक मच्छीमार आपल्या नावेतून नेतात, पक्ष्यांची नावे सांगतात आणि त्यावर चार पैसे मिळवितात. तेथेही गर्दीचे, गोंगाटाचे आणि थव्याच्या अगदी जवळ नाव नेण्याचे प्रश्न आहेत. परंतु पक्षी टिकला तर आपली चूल पेटते, हे ज्याला कळले त्याच्याइतका भरवशाचा राखणदार कोणत्याही खात्याला नेमता येणार नाही. शेवगाव-नेवाशाच्या काठावरील भोई-कहार कुटुंबांना आणि धरणग्रस्तांना असा वाटा मिळाला, तर अभयारण्य हे आपल्यावर लादलेले बंधन आहे ही त्यांची भावना निवळेल.

करावयाची कामे त्यामानाने थोडी आहेत. रब्बी आणि उन्हाळी आवर्तने ठरविणाऱ्या कालवा सल्लागार समितीपुढे वन खात्याने दरवर्षी आपले टिपण ठेवावे आणि त्यात कोणत्या महिन्यात कोणती पातळी पक्ष्यांना सोयीची, एवढे तरी सांगावे. पातळी नेहमी पाळता येणार नाही. पण माहीत असून न पाळणे आणि मुळात विचारातच न घेणे यांत अंतर आहे. आवर्तन आठ दिवस पुढे-मागे केल्याने पिकाचे नुकसान होत नसेल आणि पक्ष्यांचा हंगाम सुधारत असेल, तर तेवढा बदल करण्यास कोणाची हरकत असू नये. जोडीला न नांगरलेला पट्टा, वेळेवर भरपाई, पातळीसह मासिक गणती आणि चारही खात्यांची मिळून एक जबाबदार समिती, एवढे झाले तरी आजच्यापेक्षा पुष्कळ होईल.

गोदावरीच्या काठावर धरणापूर्वी जे होते ते परत येणार नाही. बुडालेली गावे उठून उभी राहणार नाहीत. पण त्या गावांच्या जमिनीवर आज जे नवे जीवन वस्तीला येते तेही पुन्हा आपल्याच हिशेबाच्या चुकीने बुडवावे, याला कोणताही आधार नाही. धरणाच्या दरवाजाची कळ माणसाच्या हाती आहे. तेव्हा ओहोटी कधी आणि कशी यावी याची जबाबदारीही त्याचीच आहे.